‘टू बी + व्ही थ्री = पॅसिव्ह’ हे सूत्र कुठे फसतं

इंग्रजी व्याकरणाच्या टिपांमधून एक सूत्र सर्रास फिरतं: ‘टू बी’च्या रूपापुढे (‘इज’, ‘वॉज’ वगैरे) व्ही थ्री, म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप (‘क्लोज्ड’, ‘ब्रोकन’), दिसलं की पॅसिव्ह व्हॉइस (कर्मणी प्रयोग) समजा, काळ तोच ठेवून वाक्य फिरवलं की ॲक्टिव्ह (कर्तरी) तयार, आणि ‘बाय’ असेल तर प्रश्नच मिटला. तिन्ही गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत.

आधी ओळखण्याचं बघू. ‘द गेट वॉज क्लोज्ड’ला पुढे ‘ॲट टेन बाय द गार्ड’ जोडा; पहारेकऱ्याने दहाला फाटक लावलं, म्हणजे ही क्रिया झाली. ‘व्हेन वी अराइव्ह्ड’ जोडलंत तर सहसा अर्थ निघतो, आम्ही पोचलो तेव्हा फाटक बंद होतं. ते कोणी लावलं याच्याशी वाक्याला देणंघेणं नाही. ही स्थिती, आणि इथे ‘क्लोज्ड’ निव्वळ विशेषण आहे. शंका आली तर ‘वॉज’ काढून ‘रिमेन्ड’ घाला: अर्थ जुळला तर स्थिती. ‘वॉज बीइंग क्लोज्ड’ जुळलं तर क्रिया. ‘व्हेरी’ लावून बघायची युक्तीही सांगतात, पण ती एकतर्फी आहे. ‘व्हेरी वरीड’ चालतं, म्हणून ‘वरीड’ विशेषण. ‘व्हेरी क्लोज्ड’ खटकतं, पण त्यावरून काहीच ठरत नाही. ‘ही इज गॉन’मध्ये तर ‘गो’ला कर्मच नाही. पॅसिव्ह होणार कशाचा?

खरा घोळ काळाचा आहे, आणि परीक्षेतले गुण इथेच जातात. ‘द विंडो इज ब्रोकन’ फिरवून मुलं लिहितात, ‘समबडी ब्रेक्स द विंडो’. याचा अर्थ कोणीतरी खिडकी नेहमी फोडतं! क्रियादर्शक क्रियापदाचा साधा वर्तमानकाळ बहुतेक वेळा सवय सांगतो. मूळ वाक्यात मात्र आधीच घडलेल्या क्रियेचा परिणाम दिसतो आहे, म्हणून जवळचं रूप ‘समबडी हॅज ब्रोकन द विंडो’. उलट ‘द गेट इज क्लोज्ड ॲट टेन एव्हरी नाइट’ बिनधास्त फिरवा, ‘द गार्ड क्लोजेस द गेट…’. कारण रोजची क्रियाच सांगायची आहे.

‘बाय’चा भरवसा त्याहून कमी. ‘द हाउस इज सराउंडेड बाय ट्रीज’मध्ये झाडांनी काही केलेलं नाही. झाडांऐवजी ‘द पोलीस’ घातलं तर ‘इज बीइंग सराउंडेड’ म्हणता येतं, म्हणजे वेढा पडतो आहे. झाडांच्या बाबतीत ते हास्यास्पद वाटेल. स्थितीदर्शक रूपांना पुष्कळदा वेगळीच शब्दयोगी अव्ययं लागतात: ‘इंटरेस्टेड इन’, ‘वरीड अबाउट’, ‘कव्हर्ड विथ’. ती जोडीनेच पाठ करावीत.

याच सूत्रामुळे ‘द शॉप इज क्लोज्ड’च्या धर्तीवर ‘द शॉप इज ओपन्ड नाऊ’ लिहिलं जातं. दुकान उघडं आहे एवढंच सांगायचं असेल तर ‘इज ओपन’. ‘ओपन’ हे विशेषण आयतंच आहे. ‘इज ओपन्ड’ राखून ठेवा ते उघडण्याच्या क्रियेसाठी: ‘द शॉप इज ओपन्ड ॲट नाइन बाय द मॅनेजर’.