शेजार होता, मग सभा कशाला? रेवदंडेकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार रेवदंडेकर,

तुमची प्रतिक्रिया दोन दिवस डोक्यात घोळतेय. चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून स्वतंत्रच लिहिते.

गेल्या महिन्यात पुण्यात मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू मंडळींचा एक मेळावा झाला. त्याबद्दल मी फार उत्साहाने लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. पहिलं म्हणजे, कोकणातल्या रेवदंड्यात सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आहे, मशीद आहे, खाडीपलीकडे कोर्लईला ख्रिस्ती वस्ती आहे. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली, त्यांना कधी सभा घ्यावी लागली नाही. दुसरं, अशा सभांना येतात ते आधीपासूनच समजूतदार असलेले लोक. आणि तिसरं, जगभर इतकी वर्षं संवाद चालू असताना ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा इस्रायलवरचा हल्ला घडलाच आणि त्यानंतर गाझातलं युद्धही घडलं. "एक तरी मूल वाचलं का?" असं तुम्ही विचारलंय.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. पुण्याच्या त्या सभेत ज्याचं मन वळवायला हवं असा माणूस मला तरी दिसला नाही. सत्कार, शाली, सामूहिक फोटो यात निम्मा वेळ गेला. हे मी लेखात लिहायला हवं होतं.

पहिल्या आक्षेपावर मात्र मला तुमच्याशी वाद घालायचा आहे, कारण तुम्ही ज्या शेजाराबद्दल लिहिता त्याचं मलाही अप्रूप आहे. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे इथले मराठी ज्यू, सिनेगॉगला 'मशीद' म्हणायचे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा किती आनंद झाला होता! प्रार्थनेच्या जागेला जो शब्द गावात रुळलेला होता तो त्यांनी आपलासा केला. त्यांची भाषा मराठी, आडनावं गावांवरून पडलेली, आणि एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने केलेल्या मलिद्याच्या प्रसादात पोहे आणि ओलं खोबरं. ज्यू म्हणून इथे त्यांचा छळ झाला नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

पण त्याच शेजाऱ्यांनी त्यांना नाव काय दिलं? शनवार तेली. म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. गावाला घाणा बंद दिसत होता. तो शनिवारीच का बंद असतो, त्या दिवशी ही माणसं काय पाळतात, हे किती जणांनी विचारलं असेल? सगळं गाव सांभाळून घेत होतं, पण समजून घेण्याची गरज कुणाला पडली नसावी. गाव लहान होतं, बातम्या गावातल्याच होत्या, तोवर तेवढं पुरलंही. आज रेवदंड्यातल्या मुलाच्या हातातल्या फोनवर रोज जेरुसलेम येतं आणि गाझातलं खान युनूसही येतं. शेजारचा माणूस कोण आहे हे आता तो फोनच त्याला सांगतो. त्यात बेने इस्रायलांपैकी बहुतेक कुटुंबं १९४८ नंतर हळूहळू इस्रायलला गेली, म्हणजे खरं-खोटं पडताळून बघायला शेजारीही उरला नाही. भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात ज्यूंनी काढलेली शाळा आहे, तिथे आज बहुसंख्य मुलं मुसलमान आहेत. अशी जागा असणं हे भाग्यच. पण अशा जागा आता किती उरल्यात?

आणि नुसत्या शेजाराने माणसं वाचतात, असं युरोपाकडे पाहून म्हणता येत नाही. तिथले ज्यू आणि ख्रिस्तीही शतकानुशतकं एकाच गल्लीत राहत होते, तरीही तिथे ज्यूंचा संहार झाला.

यासाठी मला ज्यूल इझाक यांच्याबद्दल सांगायचंय. पुण्याच्या सभेपेक्षा खरं तर त्यांच्याबद्दलच लिहायला हवं होतं. इझाक फ्रान्समधले ज्यू इतिहासकार. फ्रेंच मुलांच्या कित्येक पिढ्या त्यांच्या नावाची इतिहासाची पाठ्यपुस्तकं वाचून मोठ्या झाल्या. दुसऱ्या महायुद्धात नाझींशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारने त्यांना पदावरून काढलं. १९४३ मध्ये ते घराबाहेर असताना त्यांची पत्नी आणि मुलगी पकडल्या गेल्या. त्या ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतून परतल्या नाहीत. लपूनछपून जगत असताना इझाक एकच प्रश्न घेऊन बायबलची शुभवर्तमानं वाचत राहिले: ज्यूंनी ख्रिस्ताला मारलं आणि म्हणून ती शापित जमात आहे, हे चर्चमध्ये शिकवलं जातं, ते मुळात तिथे लिहिलेलं आहे का?

१९४७ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या झेलिसबर्ग या डोंगरातल्या गावी एक परिषद भरली. १९ देशांतले ६५ जण आले होते, ज्यू आणि ख्रिस्ती. इझाक १८ मुद्दे लिहून घेऊन गेले होते. तिथल्या ख्रिस्ती प्रतिनिधींनी त्यांचा आधार घेऊन चर्चसाठी १० मुद्दे तयार केले. येशू ज्यू आईच्या पोटी जन्मला, त्याचे पहिले शिष्य ज्यू होते, हे विसरू नका. त्याच्या मरणाचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकू नका. ज्यू ही शापित जमात आहे असं शिकवू नका. "आपण सारे एक" एवढ्यावर त्यांनी सोडलं नाही. आपापल्या घरी जाऊन काय शिकवायचं थांबवायचं, ते त्यांनी कागदावर उतरवलं.

पुढे तेरा वर्षं गेली. जून १९६० मध्ये ८२ वर्षांचे इझाक पोप तेविसावे जॉन यांना भेटले. निघताना त्यांनी विचारलं की मी थोडी आशा घेऊन जाऊ का. तर पोप म्हणाले की आशेपेक्षा जास्त घेऊन जाण्याचा तुम्हाला हक्क आहे. या विषयावर मसुदा करायचं काम पोपनी कार्डिनल बेया यांच्याकडे सोपवलं. तो मसुदा पुढे आला तेव्हा पूर्वेकडच्या अरब देशांतल्या बिशपांनी हरकत घेतली: फक्त ज्यूंबद्दल बोललात तर आमच्या मुसलमान शेजाऱ्यांना आम्ही काय सांगायचं? झेलिसबर्गला एकही मुसलमान नव्हता, ही त्या सभेची मोठी उणीवच होती. त्या हरकतीमुळे मसुद्याची व्याप्ती वाढली. मुसलमान एकाच देवाची उपासना करतात, येशूला प्रेषित मानतात, मरियमेचा आदर करतात, हे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे लिहिलं. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेत २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी ते मंजूर झालं. ते पाहायला इझाक नव्हते, दोन वर्षं आधीच ते गेले होते.

म्हणून कुठल्याही सभेबद्दल मी आता एवढंच विचारते, की परत गेल्यावर कुणी आपल्या घरातलं काय बदललं? अबू धाबीला २०२३ मध्ये मशीद, चर्च आणि सिनेगॉग एकाच आवारात, सारख्याच उंचीची, उभी राहिली. तिन्ही इमारती देखण्या आहेत. तिथून परतलेला इमाम, पाद्री किंवा रब्बी आपल्या लोकांपुढे काय वेगळं बोलतो, यावर मी त्या आवाराची किंमत ठरवीन.

आता तुमचा तिसरा प्रश्न. एक तरी मूल वाचलं का? तुम्ही चिडून विचारलंय, आणि तुमची चीड रास्त आहे. सभांनी गाझाचं युद्ध थांबलं नाही. इझाक यांच्या सभेनेही त्यांची मुलगी परत आणली नव्हती. पण १९९५ पासून इस्रायल-पॅलेस्टाईनमध्ये एक संघटना काम करते आहे, जिच्यात दोन्हीकडच्या घरातलं माणूस गमावलेली शेकडो कुटुंबं आहेत. हमासने ज्यांच्या सैनिक मुलाचं अपहरण करून त्याला मारलं, अशा एका इस्रायली बापाने ती सुरू केली. एक इस्रायली आणि एक पॅलेस्टिनी पालक जोडीने लोकांपुढे उभे राहतात आणि आपापल्या मुलाबद्दल बोलतात. आपली सभासदसंख्या वाढू नये, ही त्यांची प्रार्थना असते. ऑक्टोबर २०२३ नंतर ती वाढली, तरी ते भेटत राहिले. या भेटी निरुपयोगी आहेत असं त्यांना सांगायचा अधिकार मला नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही नाही.

एक गोष्ट मी लेखात गाळली होती. पुण्याच्या सभेत शेवटी कॉलेजातला एक मुसलमान मुलगा उठला आणि त्याने विचारलं, "गाझाबद्दल आज कुणीच का बोललं नाही?" सूत्रसंचालकांनी वेळ संपल्याचं सांगितलं आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. मी गप्प बसले. सगळं छान पार पडलं होतं, ते बिघडू नये असं मला वाटलं आणि पुढे लेख लिहितानाही तसंच वाटलं. तुमची प्रतिक्रिया वाचताना सारखा तोच मुलगा आठवत होता.

परवा मी आयोजकांना फोन केला. पुढच्या बैठकीत शाली-नारळ नकोत, आणि पहिला तास त्या मुलाच्या प्रश्नाला द्यावा, असं सांगितलं. ते लगेच हो म्हणाले नाहीत, पण बेने इस्रायल समाजातल्या एका आजींनी बोलायची तयारी दाखवली आहे. त्यांचं आजोळ रेवदंड्याचं. तारीख ठरली की इथेच कळवीन. तुम्ही या, आणि तुमच्या आठवणीतला तो शेजार कसा होता, ते त्या मुलासमोर आणि त्या आजींसमोर सांगा.