चार्जर लावलाय, लॅपटॉप चार्ज होत नाही

साडेअठरा हजार रुपये! सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, मदरबोर्ड, म्हणजे लॅपटॉपचा मुख्य सर्किट बोर्ड, गेलाय. लॅपटॉप उलटा केला नाही, एक स्क्रू काढला नाही, स्वतःकडचा चार्जर लावून बघितला नाही. काउंटरच्या पलीकडून नुसती स्क्रीन बघितली आणि सांगून मोकळा झाला. वर तपासणीचे ५९० रुपये घेतले, ५०० अधिक १८ टक्के जीएसटी. अरे, तपासलंस काय?

आज १९ तारीख. उद्या जीएसटीआर-३बीची, म्हणजे महिन्याच्या जीएसटी रिटर्नची, शेवटची तारीख, सात क्लायंटची रिटर्न्स माझ्या गळ्याशी आलेली आणि परवा रात्रीपासून स्क्रीनच्या कोपऱ्यात एकच मेसेज, ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’. अ‍ॅडॉप्टरचा दिवा पेटलेला, लॅपटॉप चालू, बॅटरी मात्र ३ टक्क्यांवरून हलायला तयार नाही. त्यात मशीन इतकं मंद झालेलं की टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक व्हाउचर टाकायला मिनिट लागत होतं. काल सकाळी मावशींच्या झाडूचा धक्का वायरीला लागला आणि खटकन सगळं बंद. दोन तासांचं काम गेलं. त्यांची काय चूक?

हेल्पलाइनवर ४० मिनिटं घालवली. चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. केलं. परत करा. परत केलं. मग म्हणे बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, अपडेट करा. बॅटरी १० टक्क्यांच्या वर असल्याशिवाय माझ्या मशीनवर तो अपडेट सुरूच होत नाही! हे मी सांगितलं तर पलीकडची मुलगी पहिल्यापासून वाचायला लागली, ‘मॅडम, चार्जर काढा...’ बॅटरी काढून लावा, असंही म्हणाली. कशी काढू? पूर्वी खालची खिट्टी सरकवली की बॅटरी हातात यायची. आता मागचं अख्खं झाकण काढायचं, त्याचे दोन स्क्रू रबरी पायांखाली दडवलेले.

म्हणून आज गोरेगावहून अंधेरीला सर्व्हिस सेंटरला गेले. टोकन घेऊन दोन तास बसले. मी त्या माणसाला सरळ म्हटलं, “दादा, तुमच्याकडचा एक चार्जर लावून बघा ना.” त्याच्या मागच्या शेल्फवर, मला इथून दिसतायत, चार चार्जर गुंडाळून ठेवलेले. म्हणतो, “तसं अलाऊड नाही मॅडम, आधी जॉबशीट बनवावी लागते.” बनव मग! बनवली, ५९० घेतले, तरी चार्जर लावला नाहीच. काउंटरच्या पलीकडे दहा मिनिटं नुसती स्क्रीन बघितली आणि म्हणे मदरबोर्ड. सात ते दहा दिवस लागतील. उद्या २० आहे रे बाबा!

तिथून स्लो लोकल पकडून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठला. जिन्याखालचं दुकान, दोन माणसं उभी राहिली की भरलं. त्या काकांनी एक शब्द न बोलता ड्रॉवरमधला चार्जर काढून लावला. चार सेकंदांत नारिंगी दिवा. मग माझ्या अ‍ॅडॉप्टरच्या पिनेला मल्टिमीटर लावला, बरोबर १९.५ व्होल्ट. म्हणाले, “ताई, करंट येतोय, पण मधली बारीक पिन मेलीय.” त्या पिनेची केसाएवढी वायर लॅपटॉपला सांगते की हा ६५ वॉटचा आपलाच चार्जर आहे. ती वायर पिनेच्या मानेपाशी तुटली होती. ओळख पटली नाही म्हणून मशीन बॅटरीत वीज घेत नव्हतं आणि स्वतःचा वेगही कमी करून बसलं होतं. वीज दारात उभी, आणि केवळ ओळख पटत नाही म्हणून बॅटरी उपाशी!

आणि ही मान तुटतेच, प्रत्येकाची तुटते. रोज गुंडाळली जाणारी वायर, तिच्या टोकाला बोटभर रबर, तेही दीड वर्षात चिरतं. वायर ठोकळ्यातून सुटी होत नाही आणि ठोकळा चिकटवून बंद केलेला. म्हणजे वीतभर वायरीसाठी अख्खा चार्जर फेका. माझ्या कपाटात असे तीन पडलेत, तिघांच्या पिना वेगवेगळ्या जाडीच्या, एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही. युरोपात २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपना टाइप-सी चार्जिंग, म्हणजे सगळ्यांना एकच पिन, सक्तीचं केलंय. आमच्याकडे कधी?

नवा चार्जर १,६०० ला घेतला. काकांनी तपासणीचे पैसे घेतले नाहीत, मी पुढे केले तर हात मागे घेतला. आता रात्रीचे साडेदहा झालेत, बॅटरी ८७ टक्के, चार रिटर्न्स गेली, तीन बाकी आहेत.

ती ५९० ची पावती पर्समध्ये जपून ठेवलीय. २१ तारखेला सकाळी दहाला मी त्या काउंटरवर असणार. लॅपटॉप ठेवणार, हा चार्जर त्याच्या डोळ्यांसमोर लावणार आणि नारिंगी दिवा पेटला की पैसे परत मागणार.