कॅमेरा कुठे ठेवलाय?

काल काकांनी फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. 'विश्वाच्या टोकापलीकडे काय आहे? शास्त्रज्ञही हादरले!' शास्त्रज्ञ हल्ली दर आठवड्याला हादरतात, त्यामुळे ते सोडून देते. व्हिडिओत आधी पृथ्वी, मग सूर्यमाला, मग आपली आकाशगंगा, मग दीर्घिकांचं जाळं, आणि शेवटी कॅमेरा अजून मागे सरकतो तर काळ्याकुट्ट पोकळीत तरंगणारा एक चकाकता गोळा. हे म्हणे विश्व.

माझा सगळा राग त्या शेवटच्या दोन सेकंदांवर आहे. कॅमेरा कुठे ठेवलाय? गोळ्याबाहेर काळी जागा आहे, तिथे थांबता येतं, वळून बघता येतं, हे चित्र काढणाऱ्यानं आधीच ठरवून टाकलं. आणि वर आपल्यालाच विचारतात, बाहेर काय आहे! अहो, बाहेर तुम्हीच आहात, कॅमेरा घेऊन.

प्रश्न मात्र जुना आणि तगडा आहे. सुमारे 2400 वर्षांपूर्वी आर्किटस नावाच्या ग्रीक विचारवंतानं तो असा मांडला: मी विश्वाच्या अगदी कडेला उभा राहून हात पुढे केला तर काय होईल? हात गेला तर पुढे जागा आहे. नाही गेला तर अडवणारं काहीतरी आहे. म्हणजे कड ही कड नव्हेच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे बिनतोड वाटलं होतं. त्यातली फट पुष्कळ उशिरा कळली. ज्याला कड नाही ते अनंतच असलं पाहिजे, असं त्यातून निघतं असं आपण धरून चालतो. पृथ्वीच्या पाठीवर कितीही चाला, कड लागत नाही, तरी तिचं क्षेत्रफळ मोजता येतं. हीच गोष्ट तीन मितींच्या अवकाशाची असू शकते. 1917 मध्ये आइनस्टाइननं विश्वाचं जे पहिलं गणिती चित्र मांडलं, ते असंच होतं: मर्यादित, पण बिनकडेचं.

'मग विश्व प्रसरण पावतंय ते कशात?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. 1, 2, 3, 4 अशी न संपणारी रांग घ्या. प्रत्येक आकड्याला दोननं गुणा. 2, 4, 6, 8. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतलं अंतर दुप्पट झालं. रांग कुठल्या मोकळ्या जागेत घुसली? कुठल्याच नाही. दीर्घिकांमधली अंतरं वाढतात म्हणजे एवढंच. प्रसरणासाठी नेहमी देतात ते फुगणाऱ्या फुग्याचं उदाहरण मला आवडत नाही, कारण फुगा म्हटलं की त्याच्या बाहेरची खोली डोळ्यांसमोर येतेच.

आता जी कड खरोखर आहे तिच्याबद्दल. ती मी लहानपणी पाहिलीय, आणि माझ्या वयाच्या सगळ्यांनी पाहिलीय. अँटेनाचा टीव्ही, कार्यक्रम संपले की पडद्यावर मुंग्या यायच्या. खर्रर्र आवाज आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची पळापळ. त्या मुंग्यांपैकी साधारण शंभरात एक विश्वाच्या दिसणाऱ्या कडेवरून आलेली असायची.

ही खरखर ओळखली गेली ती गंमतच आहे. 1964 मध्ये अमेरिकेत पेंझियस आणि विल्सन एका मोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनानं मोजमापं घेत होते. एक बारीक गुणगुण काही केल्या जाईना. अँटेना कुठेही वळवा, दिवस असो की रात्र, तेवढीच. आत कबुतरांनी घर केलं होतं. कबुतरं हाकलली, विष्ठा खरवडून काढली, गुणगुण तशीच. तो होता महास्फोटानंतर 3 लाख 80 हजार वर्षांनी सुटलेला प्रकाश. त्याआधी विश्व तप्त, दाट धुक्यासारखं होतं, प्रकाश आत अडखळत राहायचा. थंड होता होता धुकं विरलं, प्रकाश मोकळा झाला आणि ताणत ताणत सूक्ष्मलहरी होऊन पोचला. 1978 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. कबुतरांचा उल्लेख राहून गेला असावा.

म्हणजे कुठल्याही दिशेला पुरेसं लांब बघा, शेवटी हे धुकं लागतं. ही आपल्या नजरेची भिंत. आज तिथलं अंतर सुमारे 4,600 कोटी प्रकाशवर्षं (प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष). विश्वाचं वय 1,380 कोटी वर्षं असताना अंतर एवढं कसं, यावर लोक अडतात. प्रकाश वाटेत असताना वाटच लांबत होती. तो निघाला तेव्हा ते धुकं आपल्या जागेपासून फक्त सव्वाचार कोटी प्रकाशवर्षांवर होतं. सव्वाचार कोटी प्रकाशवर्षांसाठी निघालेला प्रवासी 1,380 कोटी वर्षांनी पोचला!

मग त्या भिंतीपलीकडे काय? भिंत आपल्याला दिसते ती जुनी. तिथल्या त्या धुक्यातूनही आतापर्यंत तारे, दीर्घिका घडून गेल्या असणार. तिथे कुणी असेल आणि आपल्या दिशेला बघत असेल, तर त्याला आपली आकाशगंगा नाही, धुकंच दिसेल. आपण त्याच्या विश्वाची कड आहोत. त्याच्या पाठीमागे आणखी आकाश, आणि ते त्याला आपल्याइतकंच साधं वाटत असेल. मला तरी हेच उत्तर सर्वांत पटतं: पलीकडे बहुधा हेच, असंच, आणखी. चारही दिशांनी येणारी ती गुणगुण लाखात एखाद्या भागाच्या फरकानं सारखी आहे. नेमकं आपल्या नजरेच्या वर्तुळाबाहेर सगळं बदलावं, असं आपल्यात विशेष काय आहे?

'आणखी' म्हणजे किती? इथे मी सावध होते. हीच गुणगुण बारकाईनं मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या मोजमापांत अवकाशाला वक्रता सापडत नाही, हिशोब सपाटपणाशी जुळतो. याचा अर्थ अनंत, असं काही जण लगेच लिहून मोकळे होतात. पण थोडी जमीन सपाट दिसली म्हणून पृथ्वी सपाट ठरत नाही. अवकाश स्वतःतच वळून परत येत असेल आणि पुरेसं लहान असेल, तर आकाशात समोरासमोरच्या दिशांना धुक्याच्या नक्षीची हुबेहूब सारखी वर्तुळं दिसायला हवीत. 2004 मध्ये अशा जोड्या शोधून झाल्या. मिळाल्या नाहीत. निदान आपल्या नजरेच्या टप्प्यात तरी विश्व गुंडाळलेलं दिसत नाही.

अनेक विश्वांबद्दल थोडक्यात. सुरुवातीच्या क्षणार्धात विश्व अतिवेगानं फुगलं, ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ ॲलन गुथनं 1981 मध्ये मांडली; तिच्यातून ती शक्यता खरोखर निघते, ती थाप नाही. पण बातमी म्हणून सांगण्यासारखीही नाही. नारळीकर, हॉयल आणि बर्बिज यांनी 1993 मध्ये महास्फोटाला पर्याय मांडला; पुढे त्या गुणगुणीच्या बारीक मोजमापांपुढे तो टिकला नाही. पण त्याला चुकता तरी आलं. शेजारच्या विश्वांना अजून तेही जमलेलं नाही.

मला झोप न येऊ देणारी कड वेगळीच आहे. विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे 1998 मध्ये कळलं. त्यामुळे साधारण 1,650 कोटी प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिकांमधून आज निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच येणार नाही. आपला तिकडे जाणार नाही. घनफळाचा हिशोब केला तर दिसणाऱ्या विश्वातला सुमारे 95 टक्के भाग असा हातचा गेलेला आहे. दुर्बिणीतून दिसतो, कारण पूर्वी निघालेला प्रकाश अजून येतोय. तो लालसर, मंद होत जाईल, बस. पलीकडे काय आहे म्हणून आपण भांडतोय, आणि अलीकडचंच बहुतेक सगळं निरोप न घेता निघून गेलंय.

हे सगळं काकांना ग्रुपवर लिहून पाठवलं. त्यांनी अंगठा टाकला. पाठोपाठ नवा व्हिडिओ: 'कृष्णविवराच्या आत काय आहे?' गोळा तोच आहे, फक्त काळा केलाय.