मिटलं म्हणतंय कोण?

विषय काढला बंड्यानं. त्याच्या दोन चुलतभावांत बांधावरून काठ्या चालल्या, एकाच्या डोक्याला सात टाके पडले, दुसऱ्यावर जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. "आता मिटलंय. फिर्याद मागे घेतली की संपलं ना?"

"नाही संपत," सुधीर म्हणाला. तो वकिली करतो. "साधी मारहाण, बदनामी असले गुन्हे खालच्या कोर्टात तडजोडीनं मिटतात. हा नाही. त्यासाठी हायकोर्टात जाऊन एफआयआर रद्द करून घ्यावा लागेल. पूर्वी त्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२ होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ५२८."

"भांडण आमचं, समेट आमचा, आणि परवानगी कोर्टाची?"

"खटला सरकार चालवतं, बंड्या. फिर्यादी त्यात साक्षीदार असतो." मग त्यानं सुप्रीम कोर्टाचा २०१२ चा ज्ञान सिंग निकाल सांगितला: पैशाचे, घरगुती वाद मिटले तर खटला रद्द करता येतो, खून, बलात्कार, दरोडा यांत नाही. तुझ्यासारख्या प्रकरणात, तो म्हणाला, २०१४ चा नरिंदर सिंग निकाल बघतात. नुसतं कलम बघून भागत नाही, जखम कुठे झाली, हत्यार कोणतं, हेही बघतात. डोक्यावरचा घाव असेल तर जड जातं.

सविता इतका वेळ गप्प होती. ती कोर्टाजवळ टायपिंग करते. "'कोणत्याही दबावाशिवाय, राजीखुशीने' हे वाक्य आमच्याकडे आधीच टाईप केलेलं असतं. नाव तेवढं बदलायचं. परवा नवऱ्यावर केस केलेली एक मुलगी आली होती. सही कुठे करायची ते सासरा बोटानं दाखवत होता. तिनं कागद वाचलासुद्धा नाही."

मला सविताचं पटतं. समेटाला माझा विरोध नाही; मनानं मिटलेल्या भांडणासाठी माणसांनी वर्षानुवर्षं तारखा का खायच्या? पण फिर्यादीला न्यायाधीशांनी समोर बोलावून, बाकीच्यांना बाहेर काढून, एकटीला विचारलंच पाहिजे. राजस्थानात एका शिक्षकानं विद्यार्थिनीचा विनयभंग केल्याचं प्रकरण होतं. तिच्या वडिलांनी तडजोड केली आणि हायकोर्टानं गुन्हा रद्द केला. सुप्रीम कोर्टात दाद मागितली ती त्रयस्थ माणसांनी, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो खटला पुन्हा उभा राहिला. त्यात मुलीला कुणी विचारलं होतं?

"आमच्यात तसलं काही नाही," बंड्या म्हणाला.

"टाके कुणाला पडले?" सवितानं विचारलं.

"धाकट्याला."

"आणि मिटलं असं कोण म्हणतंय?"

बंड्या थोडा वेळ थांबला. "थोरला," म्हणाला.