निशेल, खडकी आणि माझं जन्मगाव

परवा इथे जर्मनीत, केम्नित्सला, एका सरकारी खिडकीवर माझ्या जन्मगावाचा घोळ झाला. पासपोर्टवर औरंगाबाद, घरून आलेल्या नव्या कागदावर छत्रपती संभाजीनगर. बाईंनी नकाशात शोधलं तर निघालं बिहारचं औरंगाबाद! दोन्ही नावं एकाच गावाची, हे माझ्या मोडक्या जर्मनमध्ये पटवताना घाम फुटला. बाई हसल्या आणि त्यांनी स्वतःचं ओळखपत्र पुढे केलं. जन्मस्थळ : कार्ल-मार्क्स-श्टाट.

पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट सरकारने १९५३ मध्ये केम्नित्सला हे नाव चिकटवलं. गावाला कुणी विचारलं नव्हतं. १९९० मध्ये मात्र विचारलं, तेव्हा सुमारे ७६ टक्के मतं जुन्या नावाला पडली. मार्क्सचं सात मीटर उंचीचं ब्राँझचं डोकं तेवढं जागेवरच राहिलं. गावकरी त्याला ‘निशेल’ म्हणतात, म्हणजे इथल्या बोलीत डोकं. मित्राला भेटायचं तर निशेलपाशीच.

संभाजी महाराजांना हाल हाल करून मारणाऱ्या बादशहाचं नाव आपल्या शहराला नको, ही भावना मला पटते. १९८८ पासूनची मागणी २०२३ मध्ये मंजूर झाली. हरकती मागवल्या, पण मतदान काही झालं नाही. झालं असतं तर निकाल काय लागला असता कोण जाणे. पण जो लागला असता तो गावाचा असता.

मला खुपतं ते वेगळंच. केम्नित्स आपल्या जुन्या नावावर परत गेलं. आमचं जुनं नाव खडकी. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास तिथे शहर वसवलं, नहरींनी पाणी आणलं आणि उभी हयात मुघलांशी झुंजण्यात घालवली. औरंगजेबाच्या खुणाच पुसायच्या होत्या, तर हे नाव आयतं हाताशी होतं. एवढ्या वर्षांच्या भांडणात मी ते क्वचितच ऐकलं. म्हणजे आपल्याला खुणा पुसायच्या नव्हत्याच, औरंगजेबाला उत्तर द्यायचं होतं. द्यावं की! फक्त त्याला ‘इतिहासाची दुरुस्ती’ म्हणू नये.

बाईंनी शेवटी लिहिलं : ‘औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर’. रकाना पुरला नाही. ‘नगर’ खालच्या ओळीत गेलं.