रक्तनळी म्हणजे ड्रिपची नळी नव्हे भाऊ

पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सहा ठिकाणाहून आला, गावाच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर, संत्रावाल्यांच्या ग्रुपवर आणि काल तर आईच्या मोबाईलवर भजनी मंडळातून. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेसेज म्हणतो की बायपास, अँजिओप्लास्टी हा सगळा डॉक्टरांचा धंदा आहे, जशी शेतातल्या ठिबकची, म्हणजे ड्रिपची नळी अ‍ॅसिड सोडून साफ होते तशी नसांमधली घाण लसूण, अद्रक, लिंबू आणि अ‍ॅपल व्हिनेगरच्या काढ्यानं २१ दिवसांत साफ होते. अटॅक आलाच तर चमचाभर लाल तिखट कोमट पाण्यात टाकून पाजा, एका मिनिटात थांबतो. एकटे असाल तर जोरजोरात खोकत राहा. हातावरच्या निळ्या नसा म्हणजे घाण रक्त. झोपताना एक ग्लास पाणी पिलं की अटॅक येत नाही. आणि लकवा मारला तर दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा, माणूस जागच्या जागी बरा.

मी मोर्शीकडचा, घरी संत्र्याची बाग आहे आणि गेली चौदा वर्षं लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करतो. डॉक्टर नाही. पण ह्या मेसेजवर गप्प बसणं मला जमणार नाही, काहून ते पुढे सांगतो.

आधी ड्रिपची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त लोकांना तीच पटून राहिली. पटणारच, आपल्या भागात पाणी क्षाराचं, दरवर्षी लॅटरल, म्हणजे झाडापर्यंत पाणी नेणाऱ्या नळ्या, चोक होतात, अ‍ॅसिड सोडतो, शेवटचं टोक उघडून फ्लश करतो आणि पाणी पुन्हा सुरू. डोळ्यानं पाहिलेली गोष्ट आहे. पण ड्रिपची नळी प्लास्टिकची आहे, क्षार तिच्या आत वरवर बसतो, नळीला त्याचं काही देणंघेणं नाही. रक्तनळी जिवंत आहे. तिच्या आतून पेशींचा एकच थर असतो, अगदी पातळ, आणि ब्लॉकेज त्या थराच्या वर नाही तर त्याच्या खाली, भिंतीच्या आत तयार होतं. कोलेस्टेरॉल त्या थराखाली शिरतं, शरीराच्या पांढऱ्या पेशी ते खायला तिथे जातात, खाऊन फुगतात, तिथेच मरतात, वर एक साल धरते. हे सगळं वर्षानुवर्षं चालतं, कधीकधी विशी-पंचविशीतच सुरुवात झालेली असते. तुम्ही बागवाले आहात तर ड्रिप सोडा, डिंक्या आठवा. झाडाच्या सालीआड रोग सडत असतो, आणि साल फुटून डिंक बाहेर आला की मग आपल्याला कळतं. ब्लॉकेजचं तसं आहे.

आता ती साल फुटते तेव्हा काय होतं हे समजलं तर अर्धा मेसेज तिथेच संपतो. आतला माल रक्ताला लागला की रक्ताला वाटतं इथे जखम झाली, मग बोट कापल्यावर जसं गोठतं तसंच ते तिथे गोठायला लागतं, काही मिनिटांत गुठळी होते आणि तीन-चार मिलीमीटरची नळी बंद. म्हणजे अटॅक हा हळूहळू गाळ साचून नळी बुजल्यानं येतो असं दरवेळी नसतं, ज्याचं ब्लॉकेज चाळीस-पन्नास टक्केच आहे, ज्याला चालताना दम लागत नाही, कालपर्यंत वावरात फवारणी करत होता, त्यालाही येतो. "अरे तो तर चांगला धडधाकट होता" असं आपण मातीला गेल्यावर म्हणतो ना, ते ह्याच्यामुळे.

लिंबू आणि व्हिनेगर तिथपर्यंत अ‍ॅसिड म्हणून पोचतच नाही. पोटात आधीच लिंबापेक्षा कडक अ‍ॅसिड आहे, ते शरीर स्वतः बनवते. आणि रक्ताचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट, शरीर ७.३५ ते ७.४५ च्या मध्येच धरून ठेवतं, फुफ्फुसं आणि किडनी दिवसरात्र त्याच कामाला लागलेली असतात. तो ६.८ च्या खाली गेला तर माणूस सहसा वाचत नाही. ड्रिपमध्ये क्षार विरघळवायला आपण पाणी पीएच ४ च्या आसपास आणतो. तेवढं आंबट रक्त कोणाच्याच अंगात होऊ शकत नाही, आणि होत नाही हे आपलं नशीब आहे.

लसणाबद्दल खरं बोलायचं तर तो वाईट नाही, बीपी आणि कोलेस्टेरॉलवर त्याचा थोडाफार परिणाम दिसतो, चटणीत खा, भाजीत खा. पण त्याच्या भरवशावर डॉक्टरनं दिलेली गोळी बंद करू नका. कोलेस्टेरॉलची गोळी रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करते आणि ती वरची साल घट्ट करून फुटायचा धोकाही कमी करते, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी डॉक्टर ती चालू ठेवतात. ज्यांना रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे त्यांनी तर असा रोजचा दाट काढा विचारल्याशिवाय घेऊच नये, रक्तस्राव वाढू शकतो. आणि मेसेजमध्ये खर्ऱ्याचं नाव एकदाही नाही. तंबाखूनं नळीचा तोच आतला थर खराब होतो, प्रत्येक खर्ऱ्यामागे ठोके वाढतात, बीपी वाढतं, नळ्या आवळतात. सकाळी काढा प्यायचा आणि दिवसभर गालात खर्रा ठेवायचा, हे मी माझ्या डोळ्यानं पाहून राहिलो म्हणून लिहितो.

तिखटाचं पाणी.

ह्याच्यावर मी शांतपणे लिहू शकत नाही. दोन वर्षांआधी माझ्या मोठेबाबांना बागेत छातीवर दडपण आलं, घामानं बंडी ओली झाली. मोठेबाबा म्हणत होते "ग्यास झाला असन, थोडं पडू दे." आधी लिंबू-सोडा दिला. मग शेजारच्या पोट्ट्यानं मोबाईलमध्ये पाहून भिवापुरी मिरचीचं तिखट पाण्यात टाकून पाजलं, त्याचा हेतू चांगलाच होता, आजही तो समोर आला की मान खाली घालतो. मोठेबाबांना उलटी झाली, ठसका लागला, सगळे म्हणाले उलटीतून निघालं आता बरं वाटन. मला फोन आला तोवर अडीच तास झाले होते. मी फोनवर एकच बोललो, आत्ता गाडी काढा. ईसीजीची पट्टी पाहिली आणि डॉक्टरनं फक्त विचारलं, किती वाजता सुरू झालं? मोठेबाबा वाचले. पण इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग तीस टक्के आलं, चांगल्या माणसाचं पंचावन्नच्या वर असते. आता बागेच्या धुऱ्यापर्यंत जातात आणि बसतात.

त्या अडीच तासांत आत काय चाललं होतं ते सांगतो. हृदय मिनिटाला साधारण सत्तर वेळा दाबतं आणि दरवेळी सत्तर मिलीलीटरच्या आसपास रक्त पुढे ढकलतं, म्हणजे मिनिटाला पाच लीटर, दिवसाला सात हजार लीटर, फवारणीचे दोनशे लीटरवाले पस्तीस ड्रम. एक दिवस नाही, रोज. पण एवढं रक्त ज्याच्या पोटातून जातं त्याला त्यातलं जवळजवळ काहीच वापरता येत नाही, हृदयाच्या जाड स्नायूला रक्त त्याच्या बाहेरून फिरणाऱ्या दोन बारक्या नळ्यांतून येतं, एक उजवी आणि एक डावी. त्यातली फांदी बंद झाली की तिच्या खालचा स्नायू मरायला लागतो, वीसेक मिनिटांत सुरुवात होते आणि काही तासांत बहुतेक संपतं. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही, तिथे फक्त जखमेसारखा व्रण राहतो. मिरचीचा जाळ म्हणजे जिभेवरच्या आणि पोटातल्या मज्जातंतूंना बसणारा चटका आहे, गुठळी त्यानं विरघळत नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दवाखान्यात असतं, नाहीतर अँजिओप्लास्टी करून नळी उघडतात, आणि दोन्हींचा फायदा जितक्या लवकर तितका जास्त. पैशाची भीती खरी आहे, मला माहीत आहे, पण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात, योजनेतला दवाखाना कोणता ते आजच विचारून ठेवा, रात्री दोन वाजता नाही.

आणि "ग्यास" हा शब्द. छातीत कळ येऊन माणूस खालीच पडला पाहिजे असं नाही. बायांना आणि शुगरवाल्यांना कित्येकदा छातीत दुखतच नाही, दम लागतो, घाम फुटतो, मळमळते, जबडा दुखतो, पोटाच्या वरच्या भागात जड वाटतं. चाळिशीच्या पुढचा माणूस असा घामाघूम झाला तर आधी १०८ लावा आणि ईसीजीची पट्टी काढा. एक पट्टी चांगली आली तरी लगेच निघू नका, डॉक्टर तपासून ग्यासच होता म्हणाले तर घरी या, कोणी हसणार नाही.

खोकायचं म्हणाल तर ह्या अफवेला एक खरा धागा आहे, म्हणूनच ती मरत नाही. हृदयाची नळी टाकून तपासणी (अँजिओग्राफी) सुरू असताना, रोगी टेबलावर, मॉनिटर लागलेला, अशा वेळी ठोका अचानक बिघडला तर डॉक्टर रोग्याला खोकायला लावतात आणि त्या दाबानं काही सेकंद रक्त फिरतं, १९७६ साली हे पहिल्यांदा छापून आलं. पण ते दवाखान्यातलं आहे, समोर शॉक द्यायचं मशीन तयार असतं. घरी अटॅक आलेल्या माणसाचं हृदय चालूच असतं, खोकून गुठळी निघत नाही, उलट हृदयावर ताण पडतो. आणि हृदय बंदच पडलं तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, तो खोकणार कसा? तेव्हा बाजूच्यानं करायचं काम आहे, छातीच्या मधोमध दोन्ही हात एकावर एक ठेवून, कोपर सरळ ठेवून, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं, मदत येईपर्यंत, थकला तर दुसऱ्यानं घ्यायचं. ग्रामपंचायतीनं एखाद्या रविवारी हे शिकवायला कोणाला बोलावलं तर मी खुर्च्या लावायला येतो.

निळ्या नसांचं मी रोज पाहतो. निळ्या नसेतच सुई घालतो आणि सिरिंजमध्ये लालच रक्त येतं, थोडं गडद, बस. नस निळी दिसते ते कातडीतून उजेड परत कसा येतो त्याच्यामुळे. आणि त्या "घाण" रक्तात चार हिश्श्यांपैकी तीन हिस्से ऑक्सिजन बाकी असतो, ते फुफ्फुसाकडे परत चाललेलं रक्त आहे, एवढंच. मनगटावर उठलेली एखादी नस घ्या, एका बोटानं पंज्याकडचं टोक दाबून धरा, दुसऱ्या बोटानं तिथून कोपराकडे पुसत न्या आणि दुसरं बोट उचला. नस सपाटच राहते, वरून रक्त मागे येत नाही, कारण आत झडपा आहेत, पंपाच्या फूटव्हॉल्व्हसारख्या. पहिलं बोट उचललं की भरते. विल्यम हार्वे नावाच्या इंग्रज डॉक्टरनं अशाच साध्या प्रयोगांनी १६२८ साली रक्त गोल फिरतं हे दाखवलं, त्याआधी लोक मानत की रक्त लिव्हरमध्ये रोज नवीन बनतं आणि अंगात जिरून जातं. त्यानं हिशोब केला की अर्ध्या तासात हृदय जेवढं रक्त ढकलतं तेवढं अख्ख्या अंगातही नाही, मग ते येतं कुठून? तेच तेच फिरून येतं. ते साफ करायला कोणता काढा लागत नाही, किडन्या दिवसाला १८० लीटर गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लीटर सोडून सगळं परत करतात.

झोपतानाच्या पाण्याचं एका वाक्यात, अटॅक पहाटे-सकाळी जास्त येतात हे खरं आहे, पण ते उठताना बीपी आणि ठोके वाढतात त्यामुळे, आणि ज्यांचं पंपिंग कमी आहे त्यांना तर डॉक्टर पाणी मोजून प्यायला सांगतात, मोठेबाबांना मोजूनच देतो आम्ही.

राहिला लकवा, आणि हा मुद्दा मला तिखटापेक्षाही जास्त भीतीचा वाटतो. लकव्यात मेंदूची नळी एकतर गुठळीनं बंद होते नाहीतर फुटून आत रक्त सांडतं. दोन्हींचा इलाज अगदी उलटा आहे, आणि कोणता प्रकार आहे हे सीटी स्कॅन केल्याशिवाय मोठ्यातला मोठा डॉक्टरही सांगू शकत नाही. म्हणून लकव्यात घरची रक्त पातळ करायची गोळी देऊ नका. बोटातून दहा थेंब काढून पाच लीटर रक्ताच्या दाबात काहीच फरक पडत नाही, दुखण्यानं बीपी उलट वाढतं, आणि पाणी पाजलं तर गिळता येत नसल्यानं ते फुफ्फुसात जाऊ शकतं. गुठळीवालं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्या गावावरून स्कॅन असलेल्या दवाखान्यात पोचायलाच दीड-दोन तास जातात. तोंड एका बाजूला वाकलं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळलं, एवढं दिसलं की सुई शोधू नका. कुशीवर झोपवा, गाडी बोलवा, आणि माणूस शेवटचा चांगला कधी दिसला होता ती वेळ हातावर पेननं लिहून ठेवा, दवाखान्याच्या दारात पहिला प्रश्न तोच विचारतात.