ग्रहणचष्मा घालून टेलिस्कोपला डोळा लावू नका, तो मेसेज चुकीचा आहे

"घरच्या टेलिस्कोपमधून सौरडाग बघायच्या पाच सोप्या युक्त्या" असा मेसेज सगळीकडे फिरतोय. काल तो भाच्याने मला पाठवला, खाली लिहिलेलं "मामा, रविवारी करू का?" पोराकडे टेलिस्कोप नवाकोरा आहे, त्यामुळे हे लगेच लिहितोय.

पहिली युक्ती म्हणे, ग्रहणचष्मा घाला आणि बिनधास्त आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, बघा. अरे बाबांनो, हे सगळ्यात घातक आहे! तो चष्मा नुसत्या डोळ्यांसाठी बनवलेला असतो. उन्हात आपली बाहुली जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, आणि साधा 70 मिमीचा टेलिस्कोप तिच्या पाचशेपटीहून जास्त प्रकाश गोळा करतो, तो सगळा आयपीसमधून छोट्याशा झोतात बाहेर पडतो आणि नेमका त्या पातळ फिल्मवर पडतो. फिल्म जळते आणि मागे डोळाच असतो. नासाच्या ग्रहण-सुरक्षेच्या सूचनांत हे स्पष्ट लिहिलंय, चष्मा घालून कॅमेरा, दुर्बीण, टेलिस्कोप यातून सूर्याकडे बघायचं नाही, एकवटलेले किरण फिल्टर जाळून डोळ्याला इजा करतात. फिल्टर लागतो तो टेलिस्कोपच्या पुढच्या तोंडावर, प्रकाश नळीत शिरायच्या आधीच अडवणारा. तिथे लावायची खास सोलर फिल्म मिळते, ती लाखातला एकच भाग प्रकाश आत सोडते. ती टेपने घट्ट बसवायची, आणि दरवेळी आधी दिव्यासमोर धरून भोक-चरा नाही ना ते बघायचं. आयपीसमध्ये स्क्रूने बसवायचा छोटा काळा 'सन' फिल्टर मात्र फेकून द्या, तो तापून अचानक तडकतो.

दुसरी, एक्स-रेची फिल्म किंवा सीडी. नाही. डोळ्याला अंधार वाटतो पण इन्फ्रारेड, म्हणजे न दिसणारे उष्णतेचे किरण, आत येत राहतात.

तिसरी, संध्याकाळचा लाल सूर्य चालतो. टेलिस्कोपमधून तोही चालत नाही.

चौथी वाचून तर डोकंच फिरलं, "दुखायला लागलं की डोळा काढा". दृष्टिपटलाला वेदना कळतच नाहीत हो! भाजलेलं त्या क्षणी समजत नाही, काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी बघतो तिथेच मधोमध धूसर ठिपका दिसायला लागतो, आणि तो कायमचाही राहू शकतो.

पाचवी, सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडा. हे बरोबर आहे, मान्य करावंच लागेल, गॅलिलिओने 1612 मध्ये डागांची चित्रं याच पद्धतीने काढली. लेन्सचा छोटा टेलिस्कोप घ्या, आयपीसमागे फूटभर अंतरावर कागद धरा, नळीची सावली सगळ्यात लहान झाली की नेम बरोबर लागला, डाग कागदावर पेन्सिलने गिरवता येतात. पण फाइंडरबद्दल, म्हणजे नेम धरायला टेलिस्कोपवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीबद्दल, मेसेजमध्ये एक अक्षर नाही, आणि पोरं सवयीने आधी त्यालाच डोळा लावतात. त्याला टोपी घाला, नाहीतर सरळ काढूनच ठेवा, आणि सूर्याकडे वळवलेला टेलिस्कोप सोडून कुणी पाणी प्यायलाही जायचं नाही.